कासव खात नाही? आधी शी आणा, तीही ओली

"दहा दिवस झाले, कासव तोंडच लावत नाही, जंताचं औषध सांगा ना." थंडीत असे फोन आमच्या प्राण्यांच्या दवाखान्यात रोज येतात. आम्ही फोनवर औषध सांगत नाही, याचा काहींना राग येतो. म्हणून हे पत्रक.

आधी पाण्यात थर्मामीटर बुडवून बघा. पुण्यात जानेवारीच्या रात्री टाकीचं पाणी २० अंशांच्या खाली गेलं की रेड-इअर्ड स्लायडर (घरात पाळतात ते पाण्यातलं कासव) खाणं सोडतो. पाणी २५ अंशांच्या आसपास आणि वर बसायला ३०-३२ अंशांची कोरडी जागा मिळाली की बरीच कासवं आपोआप खायला लागतात. बॉल पायथन हा पाळीव साप, विशेषतः नर, थंडीत कित्येक आठवडे उंदीर नाकारतो. वजन टिकून असेल तर घाबरू नका.

उष्णता नीट असूनही खात नसेल, वजन उतरत असेल, शी पातळ किंवा वासाची असेल, तर जंतांची शंका घ्यायची. आणि इथेच सगळ्यांचा वेळ जातो. तपासणीसाठी टिश्यूत गुंडाळलेली, वाळलेली शी आणली जाते. हलणारे एकपेशीय परजीवी ओल्या, ताज्या शीतच दिसतात. वाळली की ते मरतात आणि आम्हाला पुन्हा बोलवावं लागतं. काहीजण नुसता पांढरा खडूसारखा भाग आणतात. ती लघवी असते, तिच्यात काही सापडत नाही.

कासवाला स्वच्छ टबात, कोमट उथळ पाण्यात अर्धा तास ठेवा, बहुतेक वेळा तिथेच शी करतं. घट्ट झाकणाच्या डबीत भरून दोन-तीन तासांत आणा. रात्री केली तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि ती रात्रीची आहे हे आम्हाला सांगा. हात साबणाने धुवा, कासवाच्या शीत साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो.

कुत्र्याचं औषध घरात आहे म्हणून देऊ नका. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध कुत्र्याला चालतं, कासवाचा मात्र जीव घेतं. आमच्या हातात आलेलं असं कासव आम्ही वाचवू शकलो नाही.

शीत जंतांची अंडी दिसली की लगेच औषध, असंही आम्ही करत नाही. इग्वाना या मोठ्या सरड्याच्या पोटात थोडे पिनवर्म (बारीक जंत) असतातच. सापाच्या शीत कधीकधी त्याने खाल्लेल्या उंदराच्या जंतांची अंडी निघतात, त्यासाठी सापाला औषध कशाला? उलट लेपर्ड गेको या पाळीव पालीची शेपटी वाळत चालली असेल तर एका तपासणीत काही दिसलं नाही म्हणून आम्ही त्याला सोडत नाही. अशी शेपटी वाळवणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी प्रत्येक शीत उतरत नाही. दुसऱ्यांदा तपासणी सांगतो ती यासाठी, आणि दुसऱ्या वेळी निम्मेच पैसे घेतो.

रिकाम्या डब्या काउंटरवर फुकट मिळतात. येता-जाता दोन घेऊन ठेवा. येताना टाकीच्या तापमानाचा फोटोही मोबाइलवर आणा.