तडा जिथे संपतो, तिथून सुरुवात

पार्किंगमध्ये दुचाकी आडवी झाली आणि तिच्या प्लास्टिकच्या साइड पॅनलला बोटभर तडा गेला. मी घाईघाईने झटपट चिकटणारा गोंद लावला. आठच दिवसांत तडा उघडला, आणि आता तो आणखी अर्धं बोट पुढे गेला होता.

तड्याचं टोक उन्हात धरून पाहा. तडा संपल्यासारखा वाटतो, तिथून पुढे काळ्या प्लास्टिकवर बारीक पांढुरकी रेघ गेलेली दिसते. तिथलं प्लास्टिक फाटलेलं नाही, पण ताणलं जाऊन त्यात असंख्य सूक्ष्म पोकळ्या झाल्यात. त्यांच्यावर प्रकाश विखुरतो, म्हणून ते पांढरं दिसतं. गाडी थरथरते तेव्हा ताण एकवटतो तो इथेच. टोक जितकं अणकुचीदार तितका तिथला ताण जास्त, हे चार्ल्स इंग्लिस या इंजिनिअरने १९१३ साली गणिताने दाखवलं. म्हणून रेघ संपते तिथे साधारण ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं. फुटलेल्या पॅनलला आणखी भोक पाडायला हात धजावत नाही, पण टोक गोल झालं की ताण पसरतो आणि तडा तिथेच अडतो.

आता पॅनल उलटं करा. आतल्या बाजूला प्लास्टिकचं नाव बहुधा उठावदार अक्षरांत असतं. एबीएस असेल तर काम सोपं. ॲक्रिलोनायट्राइल, ब्यूटाडाईन आणि स्टायरीन यांपासून ते बनतं. त्यातले रबरी कण धक्का सोसतात. आणि मुख्य म्हणजे ते ॲसिटोनमध्ये विरघळतं. त्याच प्लास्टिकचे तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये रात्रभर ठेवले की सकाळी बासुंदीसारखा दाट लगदा मिळतो. तड्याच्या कडा तासून खाच करायची, त्यात हा लगदा भरायचा, आतून बारीक स्टीलची जाळी बसवायची. ॲसिटोनमुळे कडांवरच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या सैल होतात, लगद्यातल्या साखळ्यांत गुंततात, आणि ॲसिटोन उडून गेल्यावर तो गुंता तसाच राहतो. हा खरा सांधा. माझा गोंद सुकून कडक, ठिसूळ झाला होता. पॅनल वाकायचं, तो वाकत नव्हता. लगदा मात्र निदान एक-दोन दिवस वाळू द्या, मगच पॉलिश पेपर मारा. घाई केलीत तर जागा नंतर खोलगट बसते.

पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन असेल तर ॲसिटोनचा उपयोग नाही. ते त्यात विरघळतच नाही. ते १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, म्हणून पीपीचीच कांडी घेऊन गरम हवेने वेल्डिंग करावं लागतं. नाव पुसलं असेल तर कपची पाण्यात टाका. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं.

ॲसिटोन चटकन पेट घेतं, म्हणून पॅनल काढून पेट्रोलच्या टाकीपासून लांब, मोकळ्या हवेत बसा. आणि तडा हेल्मेटला गेला असेल तर यातलं काहीही करू नका. ते बदलाच.