नेटवर्क सुरक्षा सल्लागार

ऑफिस, कारखाना किंवा बँकेचं नेटवर्क तपासून त्यात बाहेरचा माणूस कुठनं शिरू शकतो ते सांगणारा, आणि बहुतेकदा ती वाट बंद करून देणारा तज्ज्ञ. सोलापुरात अशी कामं नागरी सहकारी बँका, साखर कारखाने, दवाखाने आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत निघतात.

या धंद्याचं मूळ हत्यार फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारात बसून आत-बाहेर काय जाऊ द्यायचं ते ठरवणारा डबा किंवा प्रोग्रॅम, पण ते पहिलं कुणी केलं यावर एकमत नाही. सहसा 1988 च्या सुमाराच्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या, म्हणजे डेकच्या, पॅकेट फिल्टरला, म्हणजे डेटाचा एकेक तुकडा (पॅकेट) तपासणाऱ्या चाळणीला, पहिला मान देतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात मॉरिस वर्म हा एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप जाणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला आणि मग गरज सगळ्यांनाच पटली. दुसरा पक्ष बेल लॅब्स या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेकडं बोट दाखवतो, तिथलं बिल चेसविक आणि स्टीव्ह बेलोविन यांचं गेटवेचं, म्हणजे दोन नेटवर्कांमधल्या दाराचं, काम साधारण 1990 च्या आसपासचं. विकत मिळणारा पहिला फायरवॉल म्हणून डेकच्याच सील या उत्पादनाचं नाव घेतात, साल कुणी 1991 देतं कुणी 1992. चेक पॉइंट कंपनीचा फायरवॉल-1 हा 1994 चा, त्यानं सुटं पॅकेट न बघता चालू कनेक्शन लक्षात ठेवायची पद्धत रूढ केली. एकच जनक मानण्यापेक्षा हे टप्प्याटप्प्यानं घडलं हे मत जास्त पटतं, कारण आजच्या डब्यात या सगळ्यांचा अंश सापडतो.

खरं कौशल्य मात्र डबा विकण्यात नाही, नियम वाचण्यात आहे. बहुतेक फायरवॉल नियम वरून खाली वाचतात आणि पहिला जुळला की पुढचे बघतच नाहीत, त्यामुळं वर कुठं "सगळ्यांना सगळीकडं जाऊ द्या" असा टेस्टिंगपुरता टाकलेला नियम राहून गेला तर खालचे पन्नास नियम असून नसल्यासारखे.

सोलापूरसारख्या शहरात वारंवार दिसणारी चूक म्हणजे मालकाला घरून टॅली बघता यावं म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (लांबून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा) 3389 पोर्ट, म्हणजे त्या नंबरचं दार, सरळ उघडा ठेवणं. असे पोर्ट शोधून पासवर्ड लावून बघणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अखंड चालू असतात, एकदा शिरले की डेटाही लॉक आणि मशीनला कायम जोडून ठेवलेली बॅकअपची डिस्कही लॉक, आणि दिवाळीच्या ऑर्डरीत हे झालं तर कारखान्याचे हाल विचारू नका. उपाय फार महागाचे नाहीत: पोर्ट बंद करून ओटीपीसह व्हीपीएन (इंटरनेटवरून आत यायची कुलूपबंद वाट), सीसीटीव्ही आणि अकाउंट्स वेगवेगळ्या व्हीलॅनवर (एकाच नेटवर्कचे वेगळे पाडलेले भाग), बॅकअपची एक कॉपी नेटवर्कपासून तोडलेली.

शिक्षणाची वाट ठरलेली नाही. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग, मग सीसीएनए ही सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा, काही वर्षं हाताखाली काम, बरेच जण पुण्याला जातात. सीआयएसएसपी या सुरक्षेच्या प्रमाणपत्राला साधारण 5 वर्षांचा अनुभव लागतो, ओएससीपी या सिस्टिममध्ये शिरून दाखवायच्या प्रमाणपत्राची प्रॅक्टिकल परीक्षा जवळजवळ 24 तास चालते.

नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर 2018 मध्ये सायबर सुरक्षेची चौकट घातली. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारची घटना कळल्यापासून 6 तासांत कळवायची आणि लॉग, म्हणजे सिस्टिमवर काय घडलं त्याच्या नोंदी, 180 दिवस ठेवायचे. बरेच स्वस्त राउटर रीस्टार्ट झाले की लॉग पुसतात, म्हणून वेगळा लॉग सर्व्हर बसवणं हेही सल्लागाराच्याच कामात येतं.