दांडिया बाजारातला खासेरावांचा बंगला

बडोद्याच्या दांडिया बाजारातले ‘श्रीअरविंद निवास’ पाहायला जाणाऱ्याने एक गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी. हे घर अरविंद घोषांचे नव्हते. सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीतले मराठी अधिकारी खासेराव जाधव यांचा हा बंगला, आणि अरविंदबाबू इथे राहिले ते मित्र म्हणून. खासेरावांचे बंधू माधवराव बडोद्याच्या फौजेत लेफ्टनंट होते. ते तर अरविंदांचे जिवलग.

इंग्लंडहून फेब्रुवारी 1893 मध्ये परतताच अरविंद संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. पगार 200 रुपये. सेटलमेंट, स्टँप, महसूल अशी खाती झाल्यावर बडोदा कॉलेजात आधी फ्रेंच आणि मग इंग्रजी शिकवले. 1906 मध्ये ते कलकत्त्याला गेले. ही सगळी वर्षे याच छपराखाली गेली असे सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. बंगाली शिकवायला आलेले दीनेंद्रकुमार राय 1898 च्या सुमारास त्यांच्याबरोबर राहत होते. मधल्या काळात हा बंगला सोडून उन्हाळ्यात तापणाऱ्या, थंडीत गारठणाऱ्या कौलारू घरात मुक्काम हलवावा लागला, हे रायांच्याच आठवणींतून कळते. म्हणून इथली एखादी खोली दाखवून ‘अमुक कविता इथेच लिहिली’ असे कोणी म्हटले तर जरा जपून घ्यावे.

त्यांच्या लिहिण्यावाचण्याची रीत मात्र रायांनी नेमकी टिपली आहे. मुंबईच्या राधाबाई आत्माराम सगुण आणि थॅकर या दुकानांतून रेल्वे पार्सलने पुस्तकांच्या पेट्या येत आणि रॉकेलच्या दिव्यापाशी, डास चावत असतानाही, रात्री उशिरापर्यंत वाचन चाले. याच शहरात ते मराठी शिकले. पावनखिंडीवरची त्यांची ‘बाजीप्रभू’ ही इंग्रजी कविता 1910 मध्ये छापली गेली. मराठी वाचकाने भेटीआधी ती जरूर वाचावी.

दुसरी गल्लत अरविंदांना ध्यान शिकवणारे योगी विष्णु भास्कर लेले यांच्याबाबत होते. सुरत काँग्रेस फुटल्यावर, जानेवारी 1908 च्या आरंभी, लेले ग्वाल्हेरहून बडोद्यास आले. दोघांची भेट खासेरावांच्या घरी झाली, पण 3 दिवसांची ती प्रसिद्ध ध्यानसाधना सरदार मजुमदारांच्या वाड्यात, वरच्या मजल्यावरच्या खोलीत झाली. तोवर अरविंदांची इथली नोकरी सुटलेली होती, म्हणजे हा प्रसंग त्यांच्या बडोद्यातल्या वास्तव्याचा नव्हे, पाहुणे म्हणून आले तेव्हाचा.

1971 मध्ये ही वास्तू श्रीअरविंद सोसायटीकडे आली. इथे अरविंदांचे पवित्र अवशेष आहेत, त्यामुळे नुसते संग्रहालय समजून बोलत हिंडू नये; लोक ध्यानाला बसलेले असतात. येताना आधी स्टेशनजवळची जुन्या बडोदा कॉलेजची घुमटाची इमारत पाहावी. इंग्रज वास्तुविशारद चिझमने बांधलेली ही इमारत आता महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेकडे आहे. तिथून सूरसागर तलावाच्या बाजूने दांडिया बाजार रिक्षाने थोड्याच वेळाचा रस्ता. या क्रमाने गेले की अरविंदांची नोकरीची जागा आधी दिसते आणि मग मित्राचे घर.