हार्ट अटॅक टाइप केलं की पबमेड नक्की काय शोधतं?

पबमेड ह्या ऑनलाइन डेटाबेसमध्ये वैद्यकातल्या साडेतीन कोटींहून जास्त शोधपेपर्सच्या नोंदी आहेत. आता गंमत अशी की तुम्ही हार्ट अटॅक टाइप करता, पण डॉक्टर मंडळी पेपर लिहिताना त्यालाच मायोकार्डियल इन्फार्क्शन लिहितात, मग नुसते शब्द जुळवत बसलं तर निम्मं काम हातचं गेलंच की.

ह्यावरचा उपाय इंटरनेटपेक्षा जुना आहे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० साली मेश नावाची ठरलेल्या शब्दांची यादी काढली, म्हणजे एका आजाराला लोक काहीही म्हणोत, यादीत त्याचं नाव एकच, आणि बाकीची नावं त्यालाच जोडलेली. वर्षानुवर्षं माणसं पेपर बघून बघून हे शब्द लावत होती, २०२२ पासून ते काम बहुतेक प्रोग्रामच करतो. यादी फांद्याफांद्यांची आहे, म्हणून हृदयाचे आजार शोधले की त्याखाली येणारा हार्ट अटॅकही आपोआप येतो. तुम्ही साधा शब्द टाकलात की पबमेड गुपचूप मेशमधला शब्दही जोडून शोधतं. पण तोच शब्द अवतरणचिन्हात टाकला की ही जोडाजोड बंद! नेमकं शोधायला म्हणून चिन्हं टाकायची आणि अर्धे पेपर गायब, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

जीन्सचा, म्हणजे जनुकांचा, तर वेगळाच घोळ. सेप्ट२ नावाचा जीन एक्सेलमध्ये टाकला की एक्सेलला वाटायचं ही २ सप्टेंबर तारीख आहे, आणि तसाच तो पेपरांच्या तक्त्यांमध्ये छापून यायचा. शेवटी २०२० च्या सुमारास जीन्सची नावं ठरवणाऱ्या समितीनेच माघार घेतली आणि त्याला सेप्टिन२ केलं (सॉफ्टवेअर बदलेना म्हणून विज्ञानाने नाव बदललं, काय बोलणार). पण जुने पेपर जुन्याच नावाने आहेत ना, त्यामुळे डेटाबेसला दोन्ही नावं लक्षात ठेवावी लागतात, नाहीतर शोधणाऱ्याला वाटणार ह्या जीनवर आधी काही कामच झालं नाही.

आणि कधी कधी तर हातात नावच नसतं, फक्त डीएनएची अक्षरं असतात, ए टी जी सी ची लांबलचक माळ. तिथे १९९० साली आलेलं ब्लास्ट नावाचं सॉफ्टवेअर कामाला येतं. ते आख्खी माळ प्रत्येक नोंदीशी अक्षर न् अक्षर ताडून बघत नाही, त्यात फार वेळ जाईल, ते आधी छोटे छोटे तुकडे कुठे जुळतात ते बघतं आणि फक्त तिथूनच दोन्हीकडे पुढे सरकतं. दोन माळांमधलं एखादं लांबचं नातं सुटूही शकतं, पण वेग प्रचंड मिळतो. रसायनांचंही तसंच, पबकेम ह्या रसायनांच्या डेटाबेसमध्ये रेणूचं चित्र काढून शोधता येतं, नाव माहीत असायची गरजच नाही.

मला विचाराल तर सर्च सोपा करणं म्हणजे बॉक्स मोठा आणि गुळगुळीत करणं नव्हे. मशीनने आपल्या शब्दाचं परस्पर काय केलं ते दिसायला हवं, कारण एखाद्या औषधावरचे सगळे अभ्यास गोळा करणाऱ्याला सहा महिन्यांनी तोच शोध परत तसाच करता आला पाहिजे आणि नेमकं काय शोधलं ते छापावंही लागतं. पबमेडमध्ये हे सगळं अॅडव्हान्स्ड पानावर, हिस्टरीत डिटेल्सच्या बाणाखाली दिसतं. एकदा हार्ट अटॅक टाकून तो बाण उघडून बघाच, दोन शब्दांची केवढी लांब ओळ झालेली असते ती.