कार्ब्युरेटरच्या जुन्या मोटारींतील उन्हाळी आयडलिंग : दोषनिदान

कार्ब्युरेटरवर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर) चालणारी जुनी मोटार कडक उन्हात उभ्या जागी इंजिन मंद चालू असताना (आयडलिंग) किंवा रहदारीत रेंगाळताना मिसिंग करू लागली (मधले ठोके चुकवू लागली), आपोआप बंद पडली किंवा बंद केल्यावर पुन्हा लवकर सुरू झाली नाही, तर त्यामागचे नेमके कारण शोधण्याची ही पद्धत आहे. प्रीमियर पद्मिनी (१,०८९ सीसी), अ‍ॅम्बॅसडर (१,४८९ सीसी) आणि पहिल्या पिढ्यांची मारुती ८०० या महाराष्ट्रात आजही जपल्या जाणाऱ्या मोटारींना हा त्रास ठरलेला असतो. सोलापुरात तो विशेष जाणवतो, कारण एप्रिल-मे महिन्यांत येथे दुपारचा पारा ४० अंश सेल्सियसच्या वर जातो आणि सात रस्त्यासारख्या चौकात गाडीखालचा डांबरी रस्ता हवेपेक्षाही तापलेला असतो. पेट्रोल किती सहज उडते हे सांगणारा त्याचा बाष्पदाब ३७.८ अंशांना मोजण्याची रूढ पद्धत आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात सावलीतली हवाच हा आकडा ओलांडते आणि बॉनेटखालचे तापमान तर त्याच्याही कितीतरी वर असते.

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात, तर जड घटकांना २०० अंशांपर्यंत उष्णता लागते. गाडी वेगात असताना पेट्रोल नळीतून भराभर पुढे जाते आणि तापायला त्याला वेळ मिळत नाही. उभ्या गाडीचे इंजिन मात्र तासाला साधारण पाऊण ते एक लिटरच पेट्रोल पिते, म्हणून तेच पेट्रोल नळी, पंप आणि फ्लोटच्या कप्प्यात (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या छोट्या साठ्यात) बराच वेळ तापत पडते. पट्ट्यावर फिरणारा पंखाही त्याच वेळी सर्वांत मंद असतो. अ‍ॅम्बॅसडरच्या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (मिश्रण आत नेणारे आणि जळका वायू बाहेर नेणारे नळ) एकाच बाजूला असल्याने कार्ब्युरेटर थेट एक्झॉस्टच्या उष्णतेत बसतो. त्यामुळे या दोषात बिघाड कार्ब्युरेटरच्या आत कमी आणि त्याच्यापर्यंत उष्णता पोचण्याच्या वाटेवर अधिक असतो.

उष्णतेने होणारे दोष दोन असून ते एकमेकांच्या उलट आहेत, ही गोष्ट निदानात सर्वांत महत्त्वाची आहे. पहिला दोष वेपर लॉकचा. इंजिनावर बसवलेला यांत्रिक पंप, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला एसी पंप (वातानुकूलनाशी त्याचा संबंध नाही), मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो तेव्हा ओढीच्या बाजूचा दाब वातावरणापेक्षा कमी होतो. कमी दाबाला द्रव लवकर उकळतो, नळीत वाफ धरते आणि पंप ती वाफच मागेपुढे ढकलत राहतो. फ्लोटचा कप्पा रिकामा होत जातो, मिश्रण पातळ पडते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि इंजिन आचके देत बंद होते. दुसरा दोष पर्कोलेशनचा. यात फ्लोटच्या कप्प्यातले आणि मुख्य जेटच्या (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्राच्या) विहिरीतले पेट्रोल उकळते, बुडबुडे त्याला वर लोटतात आणि ते नोझलमधून थेट मॅनिफोल्डमध्ये ठिबकते. मिश्रण घट्ट होते (पेट्रोल जास्त), आयडलिंग जड होते, पेट्रोलचा वास येतो आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघतो. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरणे आणि पंखा थांबतो, पण लोखंडातली उष्णता वर चढत राहते. म्हणून हा दोष बंद केल्यानंतरच्या दहा ते वीस मिनिटांत अधिक दिसतो. तुळजापूरचा चढ चढून गाडी वाहनतळावर लावली, दर्शन लवकर आटोपून परत आले आणि स्टार्टर फिरूनही इंजिन पकडेना, तर आधी पर्कोलेशनचाच संशय घ्यावा.

एक दोष उपासमारीचा आणि दुसरा अतिरेकाचा असल्यामुळे कोणता आहे हे ठरवण्याआधी मिक्शर स्क्रू (पेट्रोल-हवेचे प्रमाण जुळवणारा) फिरवणे ही सर्वांत मोठी चूक होय. मूळ जुळणी एकदा हरवली की पुढची प्रत्येक चाचणी फसवी ठरते. इंजिन धडपडत असतानाच चोक थोडासा ओढून पाहणे ही सोपी आणि निर्णायक चाचणी आहे. चोकमुळे हवा कमी होऊन मिश्रण घट्ट होते. इंजिन सावरले तर मिश्रण आधीच पातळ झालेले होते असे समजावे आणि अधिकच गुदमरले तर घट्ट झालेले होते असे समजावे. इंजिन बंद पडलेच असेल, तर एअर क्लिनर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत अ‍ॅक्सिलरेटर एकदा दाबावा. अ‍ॅक्सिलरेटर पंपाच्या बारीक नळीतून पेट्रोलची स्वच्छ धार आली तर कप्प्यात पेट्रोल आहे. कोरडा फुसका आवाज आला तर वेपर लॉक किंवा पंपाचा फाटका डायफ्राम (पडदा) यांकडे वळावे. काहीही न दाबता मुख्य नोझलच्या टोकावर थेंब जमून आत पडताना दिसले, तर पर्कोलेशनचा पुरावा डोळ्यांसमोरच असतो. मात्र फ्लोटची नीडल (कप्प्यात येणारे पेट्रोल अडवणारी सुई) गळत असली तरी असेच दिसते आणि ती थंड इंजिनातही गळते, म्हणून हीच पाहणी सकाळी पुन्हा करावी. मॉरिस मायनरसारख्या एसयू कार्ब्युरेटरच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर पंप नसतो. तेथे चालू इंजिनात कार्ब्युरेटरचा पिस्टन सुमारे एक मिलिमीटर उचलावा. गती वाढून तशीच राहिली तर मिश्रण घट्ट, इंजिन लगेच पडू लागले तर पातळ आणि गती क्षणभर वाढून पूर्ववत झाली तर योग्य. या सर्व चाचण्या तापलेल्या इंजिनाशेजारी उघड्या पेट्रोलवर होतात, म्हणून जवळ ठिणगी किंवा विडी-सिगारेट नसावी आणि अग्निशामक हाताशी असावा.

पेट्रोलचा दोष ठरवण्यापूर्वी इग्निशन निर्दोष असल्याची खात्री करावी लागते, कारण ठिणगी तयार करणाऱ्या यंत्रणेतले कमकुवत झालेले कॉइल आणि कंडेन्सर अनेकदा गरम झाल्यावरच फसतात आणि थंड झाल्यावर सुधारतात. त्यामुळे त्यांचा दोष हुबेहूब वेपर लॉकसारखा भासतो. गाडी बंद पडल्याक्षणी ठिणगी तपासावी, अर्ध्या तासाने नव्हे. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून किंवा थ्रॉटलच्या झिजलेल्या दांड्यातून आत शिरणारी हवा व्हॅक्यूम गेजवर (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणाऱ्या उपकरणावर) कळते. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंच पारा दाखवते. सोलापूर सुमारे ४५० मीटर उंचीवर असल्याने येथे दीड इंच कमी येणे स्वाभाविक आहे आणि तो इंजिनाचा दोष मानू नये. रेडिएटरमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी घातल्याने साचलेली पापडी आणि पंख्याचा सैल पट्टा हेही तपासण्यात यावेत.

हवामान आणि इंधन यांचा एकत्रित परिणाम जुन्या अनुभवाला छेद देणारा आहे. हिवाळ्यातल्या १५ अंशांच्या पहाटेपेक्षा ४२ अंशांच्या दुपारी हवेची घनता सुमारे ९ टक्क्यांनी कमी असते, त्यामुळे कार्ब्युरेटरचे मिश्रण ४ ते ५ टक्क्यांनी आपोआप घट्ट होते. म्हणूनच उन्हाळ्यात मिक्शर थोडे पातळ करण्याची पद्धत पडली. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते धान्याप्रमाणेच ज्या उसापासूनही बनते त्याच्या कारखान्यांनी सोलापूर जिल्हा भरलेला आहे. पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला केवळ ९ पट. त्यामुळे जुन्या जेटवर अशा इंधनाचे मिश्रण ७ ते ८ टक्के पातळ पडते आणि त्यावर उन्हाळा म्हणून आणखी पातळ केल्यास आयडलिंग हमखास बिघडते. शिवाय इथेनॉल एकटे ७८ अंशांना उकळत असले, तरी पेट्रोलच्या घटकांशी मिसळल्यावर ते त्याहून बरेच आधी उडते, म्हणून वाफ धरण्याचा धोका वाढतो.

उपाय निदानानुसार वेगळे आहेत. वेपर लॉकमध्ये नळी एक्झॉस्टपासून दूर वळवून तिच्यावर उष्णतारोधक वेष्टन घालावे, तसेच टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. टाकीजवळ विद्युत पंप बसवल्यास नळीत दाब राहतो आणि पेट्रोल सहजासहजी उकळत नाही. पर्कोलेशनमध्ये कार्ब्युरेटरखाली बेकेलाइटचा जाड स्पेसर, त्याच्यासोबत पत्र्याची उष्णताढाल आणि फ्लोटची अचूक पातळी यांचा उपयोग होतो. रस्त्यावर एसी पंपावर ओले फडके गुंडाळण्याची चालकांची जुनी रीत शास्त्रशुद्ध आहे. सोलापूरच्या ४२ अंशांच्या, २० टक्के आर्द्रतेच्या दुपारी ओल्या कापडाचे तापमान बाष्पीभवनाने सुमारे २४ अंशांपर्यंत उतरू शकते. कोकणातल्या दमट हवेत त्याचा एवढा गुण येत नाही. पाणी मात्र तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर सांडू नये, बिडाला तडा जातो. आयडलिंगची अखेरची जुळणी दुपारी, इंजिन पूर्ण तापलेले असताना आणि एअर क्लिनर बसवूनच करावी.