पऱ्हाटीचं खत आणि हरवलेली सरकी

कापसाची शेवटची वेचणी उरकली की शेतात पऱ्हाट्या उरतात. वाळलेल्या, लाकडासारख्या टणक. त्या चुलीत जातात, कुंपणाला लागतात, नाहीतर बांधावर पेटवून दिल्या जातात. जगभर आज ज्याला सेंद्रिय शेती म्हणतात तिचा एक ठळक धागा या पऱ्हाट्यांच्या ढिगापर्यंत मागे जातो, आणि तो ढीग होता इंदुरात.

१९२४ साली होळकर संस्थानात, सुमारे ३०० एकर जमिनीवर, इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. पैसा मुख्यतः मध्यवर्ती कापूस समितीचा, त्यामुळे काम कापूस सुधारण्याचं. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. १९०५पासून बिहारमधल्या पुसा इथे त्यांनी आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल यांनी गव्हाच्या सुधारित जाती काढल्या होत्या. गॅब्रिएल केंब्रिजमध्ये तयार झालेल्या वनस्पतिशास्त्रज्ञ. सेंद्रिय शेतीचा जनक म्हणून ज्याचा फोटो लावतात तो माणूस मुळात नवं बियाणं काढणारा पैदासकार होता, हे सहसा कुणी सांगत नाही. मात्र पिकांवर काम करता करता हॉवर्ड यांचं मत पक्कं होत गेलं की जमीन भुकेली असेल तर चांगलं बियाणंही फार पुढे नेत नाही, आणि कीड हा रोग नसून जमिनीचं काहीतरी बिघडल्याची खूण आहे. शेतकरी आणि कीड या दोघांना ते आपले गुरू मानत.

अडचण रोजच्या व्यवहारातली होती. शेणाच्या गोवऱ्या थापल्या जात, शेतात जाणारं शेण अपुरं पडे, आणि पालापाचोळा वाया जाई. चीनमध्ये शेकडो वर्षं गावातला प्रत्येक टाकाऊ पदार्थ कुजवून जमिनीला परत देतात, हे हॉवर्ड यांनी वाचलं होतं. इंदुरात त्यांनी त्याची मोजूनमापून पद्धत बसवली. पऱ्हाट्या गाडीवाटेवर पसरायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या आपोआप चेचल्या जात. यंत्र नको, मजुरी नको. मग त्यांचा भुगा गोठ्यात बैलांखाली अंथरायचा. हे अंथरूण, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद अशा उथळ खड्ड्यात भरायचे, पाणी मारायचं आणि तीन वेळा वर-खाली करायचं. खड्डा खोल ठेवला तर आत हवा जात नाही आणि कुजण्याऐवजी सडतं, म्हणून तो उथळ. तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत तयार. यालाच जगाने ‘इंदूर पद्धत’ म्हटलं.

या पद्धतीवरचं पुस्तक १९३१ साली निघालं, तेव्हा मुखपृष्ठावर दोन नावं होती: हॉवर्ड, आणि संस्थेतले रसायनाचे सहायक यशवंत वाड. पुढे वाड यांचं नाव मागे पडत गेलं. गॅब्रिएल १९३०मध्ये वारल्या, त्यांचंही तेच झालं. खुद्द मराठी लेखांतही वाडांचा उल्लेख क्वचित सापडतो, याचं मला जास्त वाईट वाटतं.

हॉवर्ड १९३१मध्ये इंग्लंडला परतले आणि पुढची गोष्ट तिकडे वाढली. १९४०मध्ये त्यांचं मोठं पुस्तक आलं. त्याच वर्षी लॉर्ड नॉर्थबोर्न या इंग्रज लेखकाने ‘ऑरगॅनिक’ हा शब्द शेतीला लावला. त्यांचा रोख नुसत्या रसायनविरहित खतावर नव्हता. शेत हा एक अखंड जिवंत देह आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. मराठीतला ‘सेंद्रिय’, म्हणजे इंद्रियांसह असलेला, या मूळ अर्थाच्या जास्त जवळ जातो, जरी आपण तो रसायनशास्त्राच्या पुस्तकातून उचलला असला तरी. १९४६मध्ये ईव्ह बाल्फोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये सेंद्रिय शेतीचा पुरस्कार करणारी सॉइल असोसिएशन स्थापन केली. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२पासून सेंद्रिय शेतीचं मासिक चालवलं. त्यांचे पुत्र रॉबर्ट यांनी १९८०च्या दशकात ‘रिजनरेटिव्ह’ हा शब्द रूढ केला: जमिनीचं नुकसान टाळण्यावर न थांबता तिचा कस वाढवत नेणारी शेती. खत कंपन्या आज हा शब्द सर्रास वापरतात, तेव्हा त्याचं घराणं माहीत असलेलं बरं.

याच काळात जगाची मुख्य वाट मात्र उलटी गेली. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया, म्हणजे रासायनिक खताचा कच्चा माल, बनवण्याची रीत जर्मनीत १९१३पासून कारखान्यात आली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर दारूगोळ्याचे कारखाने खताकडे वळले. भारतात साठच्या दशकात युरिया आणि बुटके गहू एकत्रच आले. त्यांनी भूक भागवली, हे नाकारण्यात अर्थ नाही. श्रीलंकेने २०२१मध्ये रासायनिक खतं एका फटक्यात बंद केली, भाताचं पीक कोसळलं आणि काही महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. इंदूरचं खत तयार व्हायलाही तीन महिने लागतात. अख्ख्या देशाची जमीन एका हंगामात कशी बदलेल?

आपल्याकडे धागा तुटला नव्हता. गांधीजी १९३५मध्ये इंदूरला गेले तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे गांधीवादी शेतकरी नारायण देवताव पांढरीपांडे यांनी कमी शेणात भरपूर खत देणारं, भिंतींना भोकं ठेवलेलं विटांचं टाकं बसवलं. ‘नाडेप’ ही त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच अशी ही टाकी आजही गावोगाव दिसतात, काही खताने भरलेली आणि काही, खरं सांगायचं तर, अनुदान मिळाल्यावर रिकामीच राहिलेली.

खताचं असं झालं. बियाण्याचं काय? पूर्वी शेतकरी आपल्याच कापसाची सरकी, म्हणजे बी, राखून ठेवत, पेरणीआधी ती शेणकाल्यात चोळून मोकळी करत. १९७०मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांचा एच-४ आला, लागवडीत उतरलेला जगातला पहिला संकरित कापूस. संकरिताची सरकी पुढच्या वर्षी पेरली की झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून दर मृगाला दुकान गाठणं आलं. २००२मध्ये बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं बियाणं, आलं ते जवळपास सगळं संकरित वाणांतच. गंमत अशी की आपलं बियाणं राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, बिनब्रँडचं विकण्याचाही हक्क शेतकऱ्याला देणारा कायदा आदल्याच वर्षी, २००१मध्ये झाला होता. भात, वाल, नाचणी यांत तो हक्क जिवंत राहिला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे यांची बियाण्याची मडकी त्यावरच उभी आहेत. कापसात तो कागदावर उरला.

सेंद्रिय प्रमाणपत्रात बीटी चालत नाही. जगातला सर्वाधिक सेंद्रिय कापूस भारतात पिकतो, त्यातला मोठा वाटा मध्य प्रदेशचा. इंदूरहून घाट उतरून निमाडात गेलं की हीच शेती लागते. तिथे पऱ्हाट्या आहेत, बैल आहेत, खड्डेही आहेत. सेंद्रियवाल्याची शोधाशोध चालते ती बिनबीटी सरकीसाठी.