नॅरोगेजचं इंजिन म्हणजे खेळणं? जरा थांबा

"रूळ दोन फुटांचे, म्हणजे इंजिन पण खेळण्यातलं, त्याला कसली आलीये ताकद" असं बरेच वर्षं फॉरवर्ड होतंय. वाटणं साहजिक आहे, नावच टॉय ट्रेन पडलंय ना.

पण गेज म्हणजे फक्त दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर. इंजिन किती लांब, किती जड, हे त्यावरून ठरत नाही. दक्षिण आफ्रिकेतली १९३७ पासून बनलेली गॅरेट इंजिनं घ्या, ६१० मिमी (म्हणजे तेच दोन फूट) गेज आणि वजन ६० टनांच्या आसपास! त्यात बॉयलर मधोमध टांगलेला असतो आणि पुढे-मागे चाकांचे दोन वेगळे सांगाडे, ते वळणावर आपापले वळतात. बॉयलरखाली चाकंच नाहीत, म्हणून तो चांगला जाडजूड करता येतो. भारी डोकं लावलंय राव. आणि चाकं लहान असली की तेवढ्याच वाफेत ओढ जास्त मिळते, स्पीड कमी पडतो एवढंच.

चेक करायचं तर म्युझियममध्ये उभं असलेलं इंजिन बघा (चालू लाईनवर उतरू नका प्लीज). बऱ्याच इंजिनांची चाकं सांगाड्याच्या आत लपलेली असतात आणि क्रँक (चाकं फिरवणारे दांडे) तेवढे बाहेर दिसतात, फायरबॉक्सला, म्हणजे जिथे कोळसा जळतो त्या पेटीला, जागा मिळावी म्हणून. मग टेपने आधी रुळांमधलं अंतर मोजा आणि नंतर डब्याची रुंदी, ६१० मिमीच्या रुळांवर दोन मीटरच्या आसपास रुंद डबे आरामात सापडतात. वजन बहुतेक वेळा तिथल्या माहितीफलकावर असतंच.